तेल निघालं, पुढे काय?

मुंबई हायचं तेल १९७४ मध्ये सापडलं आणि २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. मुंबईपासून पश्चिमेला समुद्रात साधारण १६० किलोमीटरवर हे क्षेत्र आहे. तिथून समुद्रतळावरच्या पाइपलाइनींतून तेल आणि गॅस उरणच्या ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या प्रकल्पात येतो. तिथे तेलातलं पाणी काढतात, गॅसमधून एलपीजी वेगळा करतात आणि कच्चं तेल ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांकडे जातं. आता या तेलावरची रॉयल्टी, म्हणजे खनिज काढू दिल्याबद्दल मिळणारा वाटा, महाराष्ट्राला किती मिळते? काहीच नाही. राज्यघटनेच्या कलम २९७ प्रमाणे समुद्राखालचं खनिज केंद्राचं. गुजरात, आसाम आणि राजस्थान यांना रॉयल्टी मिळते, कारण त्यांच्या विहिरी जमिनीवर आहेत.

उरण, पनवेल, नवी मुंबई या पट्ट्यात हा विषय निघाला की ‘अन्याय’ हा शब्द लगेच येतो. तो बाजूला ठेवला तरी यातून एक गोष्ट कळते. जगात कुठेही तेल सापडलं की पहिला प्रश्न ‘किती आहे?’ हा नसतो, ‘पैसा आधी कोणाच्या हातात पडणार?’ हा असतो. बहुतेक देशांत जमिनीखालचं सगळं सरकारचं असतं. अमेरिकेत मात्र खासगी जमिनीखालचं तेल त्या जमीनमालकाचं असू शकतं, त्यामुळे टेक्ससचा शेतकरी स्वतः रॉयल्टी घेतो. सौदी अरेबिया, नायजेरिया, व्हेनेझुएला इथे पैसा थेट सरकारी तिजोरीत किंवा सरकारी कंपनीत जातो. जनतेकडून कर गोळा न करता सरकारचं भागतं आणि पुढच्या बऱ्याच भानगडी इथूनच सुरू होतात.

सरकार स्वतः विहिरी खणत नसेल तर परदेशी कंपनीशी करार होतो. खरी हातचलाखी त्या कराराच्या कलमांत असते. गयानाचं उदाहरण घ्या. दक्षिण अमेरिकेतला आठेक लाख वस्तीचा देश. २०१५ मध्ये त्याच्या समुद्रात तेल सापडलं, २०१९ च्या डिसेंबरात उत्पादन सुरू झालं. २०१६ चा करार असा: रॉयल्टी २ टक्के, कंपनीने आपला खर्च तेलातूनच वसूल करायचा, पण दर महिन्याच्या उत्पादनाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच, उरलेल्या तेलाचे निम्मे निम्मे वाटे.

हिशोब मांडू. १०० बॅरल तेल निघालं. ७५ बॅरल खर्चापोटी कंपनीने घेतली. उरलेल्या २५ पैकी साडेबारा सरकारला, साडेबारा कंपनीला. सरकारला वर २ टक्के रॉयल्टी. म्हणजे १०० बॅरलमागे देशाच्या हाती साडेचौदा. खर्च वसूल होत आला की हा वाटा वाढायला हवा, कारण मग ७५ बॅरल खर्चापोटी जायला नकोत. पण नव्या विहिरींचा खर्च जुन्या विहिरींच्या तेलातून वळता करायला करारात मनाई नसेल, तर कंपनी नवं क्षेत्र खणत राहते आणि खर्चाचा आकडा खाली येतच नाही. गयानाच्या करारात अशी मनाई घातलेलीच नाही, आणि त्यावरून तिथे अजून वाद चालू आहेत.

खर्च वसुलीच्या पद्धतीत दुसरी गोम ही, की खर्चाचं बिल कंपनीच बनवते. भाड्याचं जहाज, विहीर खणायची रिग, सल्लागार, मुख्यालयाच्या खर्चाचा वाटा असं काहीही त्यात घालता येतं. तपासायला सरकारकडे तेलधंद्यातले मुरलेले ऑडिटर लागतात, आणि नव्या देशांकडे नेमके तेच नसतात. आपल्याकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या गॅसवरून सरकार आणि कंपनी यांच्यात खर्चाच्या आकड्यांवर वर्षानुवर्षं वाद झाला. २०१६ च्या धोरणात भारताने पद्धतच बदलली. खर्च कितीही दाखवा, सरकार आपला हिस्सा थेट विक्रीच्या रकमेतून घेणार. वाद कमी झाले, पण सगळी जोखीम कंपनीवर गेली. नव्या खोल समुद्रात उतरायला मोठ्या परदेशी कंपन्या आढेवेढे घेतात, त्याचं हे एक कारण.

नॉर्वेने वेगळी वाट धरली. कंपन्यांच्या तेल-नफ्यावर २२ टक्के नेहमीचा कर आणि त्यावर ५६ टक्के विशेष कर, असे मिळून ७८ टक्के. एवढा कर असूनही कंपन्या पळून गेल्या नाहीत, कारण खर्चाची वजावट पूर्ण मिळते आणि नियम रातोरात बदलत नाहीत.

पैसा आला की पुढचा पेच येतो, कारण तो डॉलरमध्ये येतो.

समजा रबाळे एमआयडीसीतला एक कारखाना व्हॉल्व्ह बनवून निर्यात करतो. एका व्हॉल्व्हला १०० डॉलर मिळतात, बनवायला ७,८०० रुपये लागतात. डॉलर ८५ रुपयांना असेल तर हाती ८,५०० येतात, ७०० रुपये सुटतात. आता कल्पना करा, भारताच्या समुद्रात सौदीएवढं तेल सापडलं. डॉलरचा लोंढा आला, ते डॉलर विकून सरकार रुपये घेऊ लागलं, रुपया वधारला आणि डॉलर ७२ वर आला. तोच व्हॉल्व्ह, तेच कामगार, तेच मशिन, पण हाती ७,२०० रुपये. व्हॉल्व्हमागे ६०० रुपयांचा तोटा. भाव वाढवावा तर चीनचा माल समोर उभा. कारखानदाराची काहीच चूक नाही, तरी दोन-तीन वर्षांत शटर खाली.

त्यात मजुरीची भर पडते. तेलाच्या पैशाने इमारती, रस्ते, सरकारी नोकऱ्या वाढतात. कारखान्यातला टर्नर जास्त पगारावर तिकडे जातो, राहिलेल्यांना टिकवायला पगार वाढवावा लागतो, आणि वाढलेला खर्च परदेशी गिऱ्हाइकाकडून वसूल होत नाही. बांधकाम आणि दुकानदारी तेजीत, कारखाने आणि शेती मंदीत, असं चित्र तयार होतं. नेदरलँड्समध्ये १९५९ मध्ये ग्रोनिंगनला प्रचंड गॅस सापडला. पुढे तिथल्या कारखानदारीची अशीच गत झाली, म्हणून १९७७ पासून या प्रकाराला ‘डच रोग’ हे नाव पडलं. त्याच गॅसच्या उपशाने ग्रोनिंगनमध्ये भूकंपाचे धक्के बसू लागले, घरांना तडे गेले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिथला उपसा थांबवला गेला. जमिनीत गॅस शिल्लक असताना.

मग आखाती देशांना हा रोग का जडला नाही? सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ या ठरीव भावावर बांधलेला आहे, अमिरातीचा दिरहॅम ३.६७२५ वर. चलन बांधलेलं असलं तर दबाव महागाई आणि मजुरीतून बाहेर पडतो. तो दबाव आखाताने माणसं आयात करून थोपवला. काम निघालं की माणसं बोलवायची, संपलं की व्हिसा रद्द, परत पाठवायची. स्थानिकांना सरकारी नोकऱ्या, बाहेरच्यांना कंत्राट. मुंब्रा, भिवंडी, पनवेलकडून पाइप फिटर, वेल्डर, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, स्कॅफोल्डर म्हणून गेलेला माणूस या व्यवस्थेचा सांधा आहे. आखातात आज सुमारे ९० लाख भारतीय आहेत. रिफायनरीच्या शटडाऊनसाठी, म्हणजे देखभालीसाठी ती बंद ठेवतात तेव्हा, दीड-दोन महिन्यांवर जाणारे वेगळे, दोन वर्षांच्या करारावर जाणारे वेगळे. पण दोघांच्या पगाराची वाढ तिथल्या तेजीला बांधलेली नसते, करारातल्या आकड्याला बांधलेली असते.

याची किंमत स्थानिक तरुण मोजतात. खासगी कंपनीला स्वस्त परदेशी कामगार मिळत असताना महागडा स्थानिक कोण घेणार? म्हणून सौदीने २०११ मध्ये ‘निताकत’ आणलं. कंपनीत ठरावीक टक्के सौदी नसतील तर परदेशी कामगारांचे व्हिसा अडतात. २०१७ पासून परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर दरमहा शुल्क लागलं. बायको-मुलांना तिथे ठेवणं परवडेना, म्हणून अनेक कुटुंबं परत आली. भारतात येणाऱ्या पैशात आखाताचा वाटा घटत गेला त्यालाही अशी कारणं आहेत; रिझर्व्ह बँकेच्या २०२०-२१ च्या पाहणीत अमेरिका पहिल्या क्रमांकावर गेली, अमिराती दुसऱ्या.

तेलाच्या भावाचा खेळ कोणत्याही अर्थमंत्र्याची झोप उडवणारा आहे. जुलै २००८ मध्ये बॅरल १४७ डॉलरपर्यंत गेलं, त्याच वर्षाअखेर ४० च्या आसपास. २०१४ च्या मध्यावर ११५, २०१६ च्या सुरुवातीला ३० च्या खाली. २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकेतल्या वायदेबाजारात भाव उणे ३७ डॉलरवर गेला. साठवायला टाक्या नव्हत्या म्हणून विकणाराच पैसे देत होता. ज्या देशाच्या तिजोरीत निम्म्याहून जास्त पैसा तेलाचा आहे, त्याने अर्थसंकल्प कशावर बांधायचा?

अशा प्रत्येक देशाचा एक आकडा असतो: बॅरलला किती डॉलर मिळाले तर सरकारचा जमाखर्च जुळेल. तेल वर काढायला सौदीला काही डॉलरच लागतात, पण सरकार चालवायला त्याच्या कितीतरी पट भाव लागतो. तेजीत हा आकडा गुपचूप वर सरकतो. नवे विद्यापीठ, नवी भरती, पगारवाढ, अनुदान. मंदी आली की बांधकामं थांबवता येतात, पगार थांबवता येत नाहीत. दिवाळीच्या बोनसवर घराचा हप्ता लावल्यासारखं होतं. त्यात बँकाही अशा देशांना तेजीतच भरभरून कर्ज देतात, कारण तेव्हा तारण भक्कम दिसतं. भाव पडला की महसूल आटतो, चलन घसरतं आणि डॉलरमधलं कर्ज फुगतं, तिन्ही एकदमच.

मेक्सिको यावर दरवर्षी एक प्रकारचा विमा काढतो. ठरलेल्या भावाला तेल विकायचा हक्क बाजारातून विकत घेतो. भाव पडला तर फरक मिळतो, नाही पडला तर हप्ता गेला. २००९ मध्ये त्याला यातून ५ अब्ज डॉलरहून जास्त मिळाले. मात्र भाव दोन-तीन वर्षं पडून राहिला तर पुढच्या वर्षीचा विमाच महाग होतो, त्यामुळे लांबच्या दुखण्यावर हा उतारा नाही.

व्हेनेझुएलाबद्दल मतं दोन टोकांची ऐकू येतात. एक म्हणतं समाजवादाने बुडवलं, दुसरं म्हणतं अमेरिकेने. विहिरीपाशी जाऊन पाहिलं तर जास्त कळतं. १९९० च्या दशकाअखेर देश रोज ३० लाखांहून अधिक बॅरल काढत होता. २००२-०३ च्या संपानंतर सरकारी तेल कंपनीतल्या सुमारे १८ हजार लोकांना काढून टाकलं, त्यांत भूगर्भतज्ज्ञ आणि अनुभवी इंजिनियर होते. कंपनीच्या तिजोरीतून रेशन, घरबांधणी, दवाखाने चालू झाले. चांगली कामं होती, पण पंप, कॉम्प्रेसर आणि नव्या विहिरींचा पैसा त्यात गेला. तेलक्षेत्राला दरवर्षी पैसा लागतो. दाब कमी होतो, पाणी वाढतं, जुन्या विहिरीचं उत्पादन आपोआप घटतं. ओरिनोको पट्ट्यातलं तेल तर डांबरासारखं घट्ट. त्यात नाफ्त्यासारखं पातळ द्रव मिसळल्याशिवाय ते पाइपलाइनीतून वाहत नाही, आणि तो नाफ्ता आयात करावा लागत होता. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेचे तेल कंपनीवरचे निर्बंध आले तेव्हा अमेरिकेतून येणारा नाफ्ताही बंद झाला. पण तोपर्यंत उत्पादन निम्म्याखाली गेलेलंच होतं. २०२० च्या मध्यावर ते ४ लाखांच्या आसपास उरलं. जगातले सगळ्यात मोठे, ३०० अब्ज बॅरलचे साठे नावावर असताना.

नॉर्वेचं कौतुक सगळे करतात, यंत्रणा मात्र फार कमी लोक पाहतात. तिथे तेलाचा सरकारी पैसा थेट अर्थसंकल्पात येतच नाही. तो एका निधीत जातो. १९९० मध्ये कायदा झाला, १९९६ मध्ये पहिली रक्कम पडली. हा निधी नॉर्वेत एक क्रोनही गुंतवत नाही, सगळं परदेशातले शेअर, रोखे, मालमत्ता. म्हणजे तेलाचे डॉलर बाहेरच राहतात, क्रोनवर चढायचा दबाव कमी होतो, रबाळ्यासारखे त्यांचे कारखाने तगतात. सरकारने वर्षाला निधीच्या अपेक्षित परताव्याएवढंच वापरायचं. २००१ मध्ये हे प्रमाण ४ टक्के धरलं, २०१७ मध्ये ३ टक्क्यांवर आणलं. त्याच वर्षी निधीने एक लाख कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. लोकसंख्या ५५ लाख.

हा नमुना उचलून दुसरीकडे लावता येत नाही, हे आफ्रिकेतल्या चाड या देशाने दाखवलं. चाड-कॅमेरून पाइपलाइनीला जागतिक बँकेने साथ दिली ती अटीवर. १९९९ मध्ये चाडने कायदा केला: तेलाचा पैसा शिक्षण, आरोग्य, रस्ते यांवर आणि १० टक्के पुढच्या पिढ्यांच्या निधीत. तेल वाहायला लागल्यावर सरकारने कायदा बदलला, निधी मोडला आणि शस्त्रांसाठी वाट मोकळी केली. २००८ मध्ये बँक प्रकल्पातून बाहेर पडली. नॉर्वेत तेल मिळण्याआधीच करखातं होतं, न्यायालयं होती, हिशोब मागणारी संसद होती. पैसा त्यांच्यावर येऊन पडला. पैशातून त्या संस्था उभ्या राहिल्या नाहीत.

नायजेरिया आणि इंडोनेशिया शेजारी ठेवून पाहावेत. १९७० च्या दशकात दोघांना तेलाचे भरपूर डॉलर मिळाले. नायजेरियाची भुईमुगाची आणि कोकोची निर्यात कोसळली. सरकारी रिफायनऱ्या बांधल्या, पण देखभाल इतकी ढिसाळ की वर्षानुवर्षं बंद. कच्चं तेल विकायचं आणि पेट्रोल आयात करून अनुदानावर स्वस्त वाटायचं, असा उलटा व्यवहार चालला. स्वस्त पेट्रोल ड्रमांतून शेजारच्या बेनिनमध्ये पळवलं जायचं. मे २०२३ मध्ये अनुदान बंद झालं आणि पेट्रोलचा भाव काही दिवसांत तिप्पट झाला. इंडोनेशियाने १९७८ मध्ये, डॉलर येत असतानाही, मुद्दाम रुपियाचं अवमूल्यन केलं, म्हणजे शेतमाल आणि कारखान्यांची निर्यात टिकेल. गॅसपासून खत बनवून शेतकऱ्याला दिलं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. भ्रष्टाचार तिथेही भरपूर होता, पण हातात खत पडलं.

आता आपल्याकडे. भारत कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून जास्त आयात करतो, तरी सरकारांना तेलाच्या पैशाची सवय आपल्याकडेही आहेच; फक्त तो विहिरीवर न मिळता पंपावर मिळतो. २०१४ मध्ये भाव कोसळला तेव्हा त्याचा फायदा ग्राहकाला पूर्ण मिळाला नाही. पेट्रोलवरचं केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला ९.४८ रुपये होतं, जानेवारी २०१६ पर्यंत २१.४८ झालं. डिझेलवरचं ३.५६ वरून १७.३३. मे २०२० मध्ये पेट्रोलवर ३२.९८ पर्यंत गेलं, मे २०२२ मध्ये १९.९० वर आलं. त्या १९.९० पैकी राज्यांशी वाटून घ्यायचं मूळ शुल्क फक्त १.४० रुपये, बाकी उपकर आणि अतिरिक्त शुल्क, ज्यात राज्यांचा हिस्सा नाही. पेट्रोल जीएसटीत का येत नाही, याचं उत्तर या आकड्यांत आहे. केंद्रालाही सोडवत नाही, राज्यांनाही.

राज्याचा व्हॅट तर टक्केवारीत असतो, म्हणजे भाव चढला की कर आपोआप चढतो. २०२४ च्या जूनपर्यंत बृहन्मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई पालिकांच्या हद्दीत डिझेलवर २४ टक्के आणि पेट्रोलवर २६ टक्के व्हॅट होता, उरलेल्या बहुतेक महाराष्ट्रात २१ आणि २५. ट्रान्सपोर्टवाले शक्य तिथे हद्द ओलांडून टाकी भरायचे यात नवल नाही. १ जुलै २०२४ पासून हा फरक काढला, डिझेल साधारण दोन रुपयांनी आणि पेट्रोल ६५ पैशांनी उतरलं.

देशात तेल काढणाऱ्या कंपन्यांनाही सरकार सोडत नाही. २०२२ मध्ये युक्रेन युद्धाने भाव भडकल्यावर १ जुलैपासून देशी कच्च्या तेलावर टनाला २३,२५० रुपयांचा अतिरिक्त नफा कर लागला. पंधरवड्याला भाव पाहून तो बदलायचा, डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. तिजोरीला तो बरा वाटला असेल. नवी विहीर खणायची की नाही हे दहा-पंधरा वर्षांच्या हिशोबावर ठरवणाऱ्याला पंधरवड्याचा कर परवडत नाही, असं आमचं मत आहे.

ठाण्या-नवी मुंबईच्या घरातला पाइप गॅस आणि रिक्षातला सीएनजी यांचा भावही याच साखळीत अडकलेला आहे. मुंबई हायसारख्या जुन्या क्षेत्रांतला गॅस शहर गॅस कंपन्यांना सरकारी दराने मिळतो. एप्रिल २०२३ पासून हा दर भारताच्या कच्च्या तेलाच्या सरासरी भावाच्या १० टक्के, पण खाली ४ डॉलर आणि वर साडेसहा डॉलरचं कुंपण घालून. माप एमएमबीटीयू, म्हणजे गॅसमधल्या उष्णतेचं. तेल ८० डॉलर झालं तर सूत्राने ८ डॉलर यायला हवेत, पण ओएनजीसीच्या हाती वरच्या मर्यादेएवढेच पडतात. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ६.७५ झाली. जुनी क्षेत्रं आटत चालली आहेत आणि स्वस्त गॅसचा वाटा कमी पडतोय, म्हणून कंपन्या त्यात महागडा गॅस मिसळतात, त्यातला काही उणे १६२ अंशांवर द्रवरूप करून जहाजाने आणलेला. कतारशी भारताचा वर्षाला ७५ लाख टनांचा करार आहे, आणि तो २०२४ मध्ये आणखी वीस वर्षांसाठी, २०२८ ते २०४८, पुढे वाढवला गेला. त्या गॅसची किंमत पुन्हा कच्च्या तेलाच्या भावालाच बांधलेली आहे.